परातीतलं इंजिन

आमच्या घरात पहिली गाडी आली ती पिशवीतून. एका शनिवारी हँडल, पंधरा दिवसांनी एक चाक, मग एक गंजकी स्प्रिंग, असं करत करत ती अण्णांच्या डब्याच्या पिशवीतून कळंबोलीतल्या आमच्या दीड खोल्यांच्या घरात शिरली आणि पलंगाखाली, मोरीच्या कठड्यावर, तांदळाच्या डब्यामागे, जागा मिळेल तिथे मुक्काम करून राहिली. अण्णा, म्हणजे माझे वडील, महाप्याला एका रंगाच्या कारखान्यात फिटर होते. कंपनीची बस त्यांना संध्याकाळी हायवेला सोडायची. तिथून घर दहा मिनिटांवर. पण वाटेत लोखंड बाजार लागायचा, त्यामुळे दहा मिनिटांचा तास-दीड तास व्हायचा. बायका भाजीच्या गाडीसमोर उभ्या राहतात तसे अण्णा भंगाराच्या ढिगासमोर उभे राहायचे. हात लावून बघणार, उलटं करून बघणार, नखानं गंज खरवडून बघणार, नको म्हणून दोन पावलं पुढे जाणार आणि परत येणार. आई दार उघडायची, पिशवी हातात घेऊन वजनाचा अंदाज घ्यायची आणि म्हणायची, "आज काय आणलंत, मेथी का गाडीचा पाय?"

गाडी आईसाठी होती. आई सरकारी आरोग्य केंद्रात नर्स होती. पांढरी साडी, खांद्याला पर्स, हातात लशींचा निळा डबा आणि पायात चपला, अशी ती सहा गावं हिंडायची. करंजाड्यापर्यंत काहीतरी वाहन मिळायचं, पुढे सगळं शेताच्या बांधावरून पायी. आता मी त्याच करंजाड्यात अकराव्या मजल्यावर राहते. खालच्या रिक्षा स्टँडकडे बोट दाखवून, इथे भाताची खाचरं होती आणि त्यातून तुझी पणजी चालत जायची, असं सांगितलं की माझा नातू "कायपण हां, आजी" म्हणतो आणि मोबाइलमध्ये डोकं घालतो. आईच्या सहा ठिकाणांत सर्वांत शेवटी डोंगराच्या पायथ्याची ठाकरवाडी होती. सकाळी डब्यात बर्फ भरून निघालेली आई वाडीत पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असायचं. बर्फ वितळला की पोलिओचा डोस वाया गेला, तो पाजायचा नाही असा नियम, आणि आई नियमाची पक्की. ओळीनं दोन खेपा तिनं झाडाखाली लेकरं मांडीवर घेऊन बसलेल्या बायकांना तसंच परत पाठवलं. तिसऱ्या खेपेला झाडाखाली कोणीच नव्हतं. एक म्हातारी तेवढी बाहेर आली नि म्हणाली, "बाई, तू येतेस नि पानी दाखवून जातेस."

केंद्रातले डॉक्टर म्हणाले, ती वाडी यादीतून काढून टाकू, तुम्ही आता इथेच बसून रजिस्टरं लिहा, टाचेलाही आराम मिळेल. आईची टाच तेव्हा इतकी दुखायची की सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं ती भिंतीला धरून टाकायची. दुसरी कोणी असती तर देवाला नारळ फोडला असता. आई घरी आली, गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसली आणि म्हणाली, "यादीतून काढली की ती पोरं गेलीच म्हणायची." त्या वाडीतल्या दोन मुलांचे पाय आधीच पोलिओनं गेले होते. त्यांची नावं आईला पाठ होती. अण्णा भाकरीचा तुकडा खर्ड्यात बुडवून बसले होते. त्या शनिवारी पिशवीतून हँडल आलं.

मी तेव्हा सोळाची, अकरावीत, आणि घरात एकुलती एक. मुलगा नाही म्हणून पोरीच्या हातात पाने-पक्कड दिली, असं गावाकडचे लोक अण्णांबद्दल बोलायचे. खरं म्हणजे समोर जो बसेल त्याला शिकवायची त्यांना सवय होती, आणि समोर मी बसायचे. त्यांनी नुसता हात पुढे केला की दहा-अकराचा पाना हवा का बारा-तेराचा, ते मला कळायचं. या हुशारीचा मला भयंकर माज होता. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. ही गाडी मला हवी होती. पनवेलच्या कॉलेजच्या फाटकातून मी गाडीवरून आत शिरते आहे आणि मैत्रिणी तोंडात बोटं घालून बघताहेत, असं चित्र मी रोज आंघोळ करताना रंगवायचे. आईला तर साधी सायकल येत नव्हती. ती कुठली गाडी चालवतेय? आज ना उद्या ती हात जोडेल, नको गं बाई म्हणेल, आणि गाडी आपसूक माझ्याकडे येईल, असा माझा हिशोब होता.

सांगाडा जोडायला आम्ही कामोठ्याला बाळाराम नावाच्या आगरी वेल्डरकडे जायचो. कामोठं तेव्हा नुसतं गाव होतं, भरतीच्या वेळी खाडीचा वास थेट चुलीपर्यंत येणारं. सायकलींच्या नळ्या, एका मोडक्या स्कूटरचा पुढचा फाटा आणि कसल्या कसल्या पट्ट्या बाळारामनं जमिनीवर मांडून बघितल्या आणि अण्णांना विचारलं, "पाव्हनं, याच्यावर मानूस बसनार हाय का कोंबऱ्या न्यायच्या हान?"

"हिची आई बसनार हाय," अण्णा म्हणाले.

"आमची वयनी?" बाळारामनं काळा चष्मा कपाळावर चढवला. त्याच्या दोन्ही पोरांना आईनंच डोस पाजले होते. "मंग थांबा. डबल टाका मारतो."

त्यानं प्रत्येक सांध्यावर दोनदा वेल्डिंग केलं, आणि त्यामुळे आमची गाडी जन्मभर म्हशीसारखी जड राहिली. पुढचा पत्रा तेलाच्या पिंपातून कापलेला, सीट मोडीत निघालेल्या बसची, दिवा रिक्षाचा, हॉर्न कुल्फीवाल्याच्या गाडीचा, रबरी फुगा दाबला की पों करणारा. पेट्रोलची टाकी ही गाडीची शान होती. ती मूळची साताऱ्याकडच्या आमच्या शेतात औषध मारायच्या पितळी पंपाची. काका तो पंप मोडीत घालणार होते, अण्णांनी तो एसटीच्या टपावर टाकून आणला, आठ दिवस सोड्याच्या पाण्यात धुतला आणि त्याला तोटी बसवली. पाय ठेवायच्या जागी लशीचा डबा बसेल असा पट्ट्यांचा चौकोन बाळारामनं नुसत्या नजरेनं माप घेऊन केला. नजरेनं घेतलेलं ते माप दोन बोटं कमी पडलं हे फार पुढे कळलं.

इंजिन सगळ्यात शेवटी मिळालं, एका चेंगरलेल्या मोपेडचं, आणि तेही जाम झालेलं. घट बसायच्या आदल्या दिवशी अण्णांनी ते गॅलरीत उघडलं. उघडायची त्यांची एक रीत होती, कारखान्यातल्या एका म्हाताऱ्या फोरमननं शिकवलेली. खाली वर्तमानपत्र पसरायचं. जो भाग आधी निघेल तो डाव्या टोकाला ठेवायचा, त्यानंतर निघेल तो त्याच्या उजवीकडे, निघताना त्याचं तोंड जिकडे असेल तिकडेच ठेवून. अशी ओळ लावत जायची आणि जोडताना उजव्या टोकापासून सुरुवात करायची. कागदावर काही लिहायचं नाही, चित्र काढायचं नाही. बारक्या चकत्या तर बघायला सगळ्या सारख्या, जाडीत केसाएवढा फरक. त्यांची ओळख फक्त त्यांच्या जागेवरून. नवरात्रभर अण्णा रोज संध्याकाळी त्या ओळीसमोर उकिडवे बसून एखाद-दुसऱ्या भागाचा कार्बन खरवडायचे आणि तो पुन्हा होता तिथेच ठेवायचे. खंडेनवमीला ते सकाळीच कामाला निघाले, कारण कारखान्यातल्या यंत्रांची पूजा त्यांच्या हातची असायची. दारात चपला घालता घालता मला म्हणाले, "गॅलरीत कुनी हात लावायचा न्हाय. आज आवराआवर हाय घरात. आईला सांग." मी पांघरुणातूनच "हो" म्हटलं.

खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात. आमच्यासारख्या घरात शस्त्रं कुठली, म्हणून विळी, कोयता, अण्णांचे पाने आणि माझा कंपासबॉक्स पाटावर मांडायचे. पूजेआधी सगळं घासूनपुसून लख्ख हवं, आणि घासायचा आईला मुळातच सोस. चिंच, मीठ, विटकरीचा चुरा आणि नारळाची शेंडी घेऊन ती बसली की समोरच्या भांड्यात तोंड दिसेपर्यंत उठायची नाही. त्या दिवशी तिला रजा होती. डबे झाले, समई झाली, पाने-पक्कड झाली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसले होते आणि ती खिडकी गॅलरीत उघडायची. आई पदर खोचून गॅलरीत आली. वर्तमानपत्रावरच्या त्या काळ्या तुकड्यांकडे बघून, "अगं बाई, देवापुढं असं मांडायचं होय हे," असं स्वतःशीच म्हणाली, आणि आत जाऊन मोठी परात घेऊन आली.

मला सगळं कळत होतं. हे इथे सरळ लिहून टाकते, कारण इतकी वर्षं मी ही गोष्ट सांगताना हा भाग गाळत आले आहे. आई, थांब, एवढं म्हणायचं होतं. पहिला तुकडा परातीत पडला तेव्हा टण् असा आवाज झाला. मी पान उलटलं. मनात आलं, होऊ दे. अण्णा चिडतील, आई म्हणेल आग लागो त्या गाडीला, आणि मग मीच ती सावकाश जोडून घेईन. आईनं ओळ उचलली, सगळं इंजिन परातीत भरलं, वर्तमानपत्राचा बोळा करून कचऱ्यात टाकला आणि त्याबरोबर दोन भागांच्या मध्ये बसणारी कागदी पॅकिंगंही टाकली. मग ती मोरीवर बसून दुपारपर्यंत घासत होती. मध्ये एकदा तिनं मान वर करून माझ्याकडे बघितलंसुद्धा. मी पुस्तकात बघितलं.

अण्णा चार वाजता आले, हातात झेंडूचा पुडा आणि कंपनीतले पेढे घेऊन. देवापुढे पाटावर परात होती आणि परातीत लखलखणारं इंजिन, एकेका चकतीला हळदी-कुंकवाचं बोट लावलेलं. आई शाबासकीच्या अपेक्षेनं दाराशी उभी होती. अण्णांनी गॅलरीत जाऊन रिकामी फरशी बघितली आणि परत आले. त्यांचा राग मला ठाऊक होता. हातात चुकीचा पाना ठेवला तर ते तो फरशीवर आपटायचे. मी अंग चोरून वाट बघत होते.

"तुला सांगितलं न्हवतं हिनं?" त्यांनी आईला विचारलं.

"काय?"

"विसरले मी," मी म्हटलं.

आईनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि अण्णांना म्हणाली, "अभ्यासात होती ती. मीच विचारायला हवं होतं. पण झालं काय?"

अण्णांनी सांगितलं, आवाज न चढवता. ओळ म्हणजे काय, चकत्या म्हणजे काय, विटकरीचा एक कण आत राहिला तर काय होतं. ऐकता ऐकता आई पाटाजवळ खाली बसली. चिंचेनं आणि विटकरीनं तिची बोटं सोलून निघाली होती, ती तिनं पदराखाली घेतली. पण अण्णांनी ती बघितली होती. ते वाकले, परातीतला पिस्टन उचलून खिडकीच्या उजेडात फिरवला आणि म्हणाले, "कंपनीत नवा येतो त्यो बी असा नसतो बघ." मग पिस्टन होता तिथे ठेवून त्यांनी देवाला हात जोडले. मी रागाची वाट बघत बसले होते आणि समोर हे. मला इतका मत्सर वाटला की मी पेढासुद्धा खाल्ला नाही.

पूजेला मांडलेल्या हत्यारांना दसऱ्याचं सोनं लुटून होईपर्यंत हात लावायचा नाही, हा आमच्याकडचा दंडक. म्हणून इंजिन दोन दिवस तसंच देवापुढे राहिलं. दसऱ्याला पुरणपोळ्या झाल्या, कटाच्या आमटीचा वास जिन्यापर्यंत गेला, शेजारीपाजारी आपट्याची पानं द्यायला आले, आणि जो येई तो परातीकडे बघून आईला विचारी, "नर्सबाई, हा कुठला नवा देव?" आई हसायची, पण जेवली नाही धड. दसऱ्यानंतरच्या तिसऱ्या मंगळवारी लशीचा वार होता. वाडीला जायचं की वाडी कायमची यादीतून काढायची, ते तिला त्याआधी डॉक्टरांना कळवायचं होतं.

एकादशीला जोडणी सुरू झाली. सगळे भाग तीनदा घासलेटातून काढले. नवी पॅकिंगं लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यातून कापली. त्यातल्या एकावर चि. सौ. कां. एवढी अक्षरं तशीच राहिली. ओळ गेलेलीच होती, तेव्हा मी पुढारीपण घेतलं. हे असं होतं अण्णा, मला आठवतंय. ते तसं होतं अण्णा, माझ्यावर सोडा. आणि मला खरोखरच वाटत होतं की आठवतंय. दोन संध्याकाळी आम्ही इंजिन जोडलं, दोन्ही वेळा किक मारल्यावर ते खट् करून अडकलं आणि दोन्ही वेळा एक चकती हातात उरली. तिसऱ्या संध्याकाळी अण्णांनी पाना खाली ठेवला. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले, "आपल्या हातचं न्हाय दिसत."

आई कणीक मळता मळता गॅलरीच्या दारात आली होती. "ती चकती तिथली नाही," ती म्हणाली.

"तुला काय म्हाईत?"

"तिच्या एका अंगाला निळसर डाग होता. किती घासला तरी जाईना. तसाच डाग त्या दांड्याच्या कडेलाही होता. दूध करपलं की पातेल्याला आणि झाकणाला एकाच जागी डाग पडतो की नाही, तसा. ती दोघं एकमेकांना चिकटून असणार."

अण्णांनी चकती दांड्यावर सरकवली. ती जाऊन बसली. त्यांनी मान वर करून आईकडे बघितलं, आणि आपल्या बाजूला फरशीवर हात आपटला, बस म्हणून. आई कणकेच्या हातांनी तशीच खाली बसली. ज्या बाईनं एखादं भांडं तासभर घासलेलं असतं तिला त्याचा प्रत्येक पोचा ठाऊक असतो, हे मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्या भोकात मळी एकाच बाजूला साचलेली होती, कुठली कड बोटाला लागली, कुठल्या दोन तुकड्यांवर एकसारखा चरा होता, सगळं तिच्या बोटांत होतं. ती डोळे मिटून चाचपायची आणि सांगायची. "ही पालथी घाला. हिच्यावर ती नकटी. थांबा, नकटी नाही, तिची बहीण." तिनं घासता घासता सगळ्यांना नावं ठेवलेली होती. अण्णा तिला सांगायचे, पेट्रोल इथनं येतं, इथं पेटतं, ह्यो दणका खाऊन खाली जातो, आणि आई म्हणायची, "म्हणजे कुकरच की." चार संध्याकाळी हे चाललं. पाना पुढे करायला माझी कुणाला आठवण होत नव्हती. मी कोपऱ्यात बसून पुसलेलेच पाने पुन्हा पुसायचे.

शनिवारी इंजिन सांगाड्यावर चढवल्यावर आईनं स्वतः किक मारली. पाचव्या खेपेला इंजिन सुरू झालं, सगळ्या बिल्डिंगीत धूर झाला, आणि धुरातून एक बारीक कर्र असा आवाज येत राहिला. विटकरीचा एखादा कण चुकलाच होता. तो आवाज गाडीत अखेरपर्यंत राहिला, आणि पुढे सगळी गावं नर्सबाईला त्या आवाजावरून ओळखायला लागली.

मला सायकल येत होती आणि गाडी पहिल्याच संध्याकाळी जमली, म्हणून आईला चालवायला शिकवायचं काम अण्णांनी माझ्यावर टाकलं. कळंबोलीत तेव्हा रस्ते आधी आले होते आणि घरं मागाहून यायची होती. दिव्याचे खांब उभे, सेक्टरच्या पाट्या उभ्या, आणि दोन्ही बाजूंना नुसतं गवत. त्या रिकाम्या रस्त्यांवर मी आईला गाडीवर बसवून मागून पळायचे. शिकवणं माझं मनापासून नव्हतं. दुसऱ्याच दिवशी ती कोरड्या गटारात गेली, कोपर फुटलं, आणि मी पटकन म्हणून गेले, "जाऊ दे आई, तुला नाही जमायचं." तिनं कोपराला थुंकी लावली, साडी झटकली. "जमेल," ती म्हणाली. "तिच्या पोटातलं सगळं मला माहीत आहे. वरचंच तेवढं शिकायचं राहिलंय." आठवड्याभरात तिचा तोल बसला. पासिंग, नंबर वगैरे गोष्टींचं काय केलंत, असं आज कोणी विचारलं तर मी ऐकू न आल्यासारखं करते. गाडीवर पुढे लाल रंगात अधिकचं चिन्ह काढलेलं होतं, आणि नाक्यावरच्या हवालदाराचं बाळही आईच्याच यादीत होतं.

लशीच्या मंगळवारी निघायच्या वेळी कळलं की डबा बाळारामच्या चौकोनात बसत नाही. कोणीतरी मागे बसून तो मांडीवर धरायला हवा. अण्णा कामावर गेलेले. आई म्हणाली, "कॉलेज बुडव आज." आम्ही केंद्रावर बर्फ भरला आणि करंजाड्याकडून पुढे बांधाच्या वाटेला लागलो. भात पिवळं पडत आलं होतं. कापणीवाल्या बायका कमरेवर हात ठेवून बघत होत्या. मांडीवरच्या डब्यातून गारवा माझ्या पोटाला लागत होता, आणि आई पुढे खांदे वर ओढून, दोन्ही हातांनी हँडल गच्च धरून चालवत होती. उन्हं चढायच्या आत आम्ही ठाकरवाडीत होतो.

झाडाखाली कोणी नव्हतं. आईनं पों पों केलं. कुडाच्या दारांतून बायका डोकावल्या, बाहेर कोणी येईना. शेवटी ती मागची म्हातारी आली, गाडीला एक चक्कर मारली आणि म्हणाली, "दाखव बाई, पानी दाखव." आईनं डबा उघडला, तिचा हात धरला आणि मनगटापर्यंत आत घातला. म्हातारीनं हात झटकन मागे घेतला. मग पुन्हा घातला, बर्फाचा एक खडा काढून तळहातावर धरला आणि वाडीकडे तोंड करून ओरडली, "आगं या गं! बरफ हाय!" बायका आल्या. काखेत एक, बोटाला एक, अशी सगळी लेकरं घेऊन आल्या. आईनं त्या दिवशी वाडीतल्या एकूण एक लहानग्याला डोस पाजला आणि प्रत्येकाचं नाव स्वतः लिहून घेतलं. सगळं झाल्यावर तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला आणि त्या बायकांना म्हणाली, "ही माझी मुलगी. गाडी हिनं आणि हिच्या वडलांनी केली." मला मान वर करता येईना.

परतताना इंजिन तापलं. आईनं बांधाच्या कडेला गाडी उभी केली आणि आम्ही ते थंड व्हायची वाट बघत बसलो. तिच्या टाचेवर ऊन पडलं होतं. पाय धुळीनं भरले नव्हते, हे मी पहिल्यांदाच बघत होते. मला राहवेना.

"आई," मी म्हटलं, "त्या दिवशी मी विसरले नव्हते. तू ओळ उचललीस तेव्हा मी खिडकीत होते. बघत होते."

"माहीत आहे की," आई म्हणाली. "मी बघितलं ना तुझ्याकडे. तू काही बोलली नाहीस, म्हणून म्हटलं, बरोबरच चाललंय आपलं. यंत्रातलं तुला कळतं, मला कुठं काय कळत होतं."

तिनं मला शिव्या घातल्या असत्या तर मी सोसल्या असत्या. ती माझ्याकडे बघून निर्धास्त झाली होती. माझ्या गप्प बसण्यावर भरवसा ठेवून तिनं बोटं सोलून घेतली होती. मी रडायला लागले, आणि रडता रडता जे खरं होतं तेवढं बोलून टाकलं. "मला गाडी हवी होती."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. काही उलगडत नसल्यासारखी ती बघत होती.

"मग मागायचीस की," ती म्हणाली.

तिनं पदरानं माझं नाक पुसलं, लहानपणी पुसायची तसं, जरा जोरातच. इंजिनाला हात लावून बघितला. "मंगळवार तेवढा वाडीचा," ती म्हणाली, "बाकीचे वार आपण दोघी बघू." मग तिनं रिकामा डबा माझ्या हातातून घेतला, मागच्या सीटवर जाऊन बसली आणि तो आपल्या मांडीवर धरला.